हात तर वर केला, आता पुढं काय?

मे महिन्यातली आपल्या चर्चची शिबिरं आणि कन्व्हेन्शन म्हणजे मोठे मेळावे आटोपले की जूनमध्ये माझ्याकडे एक ठरावीक प्रकारची पत्रं येतात, दरवर्षी येतात, आणि मला ती वाचायला आवडतात कारण त्यात कोणी खोटं बोलत नाही. मीटिंगच्या रात्री, आयुष्य प्रभूला वाहतो म्हणून हात वर करताना, सगळं सोपं वाटलेलं असतं, मग घरी येऊन कूलरमध्ये पाणी भरा, डबा करा, शिफ्टला पळा हे सुरू झालं की खरा प्रश्न समोर येतो. यावेळी चार पत्रं घेतलीत. नावं छापत नाही, आणि ओळख पटेल असं जे होतं ते बदललंय.

प्रश्न : ताई, सलाम. मी २७ वर्षांचा आहे, हिंगणा एमआयडीसीत कामाला जातो, शिफ्ट ड्युटी आहे. मी आतापर्यंत चार वेळा प्रभूला समर्पण केलं. चारही वेळा खूप भरून आलं होतं, रडलो, कार्डावर सही केली. कार्डावर लिहिलं होतं रोज एक तास बायबल, दर रविवारी संडे स्कूल, दशांश म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, आणि गुटखा बंद. दोन-तीन महिने चालते आणि मग नाईट शिफ्ट लागली की सगळं बंद पडते. यंदा कॅम्पमध्ये पाळकांनी परत विचारलं, कोण कोण तयार आहे, तर मला हात वर करायची लाज वाटली, बाजूला मित्र बसला होता, तो माझ्याकडेच बघून राहिला होता. माझं समर्पण खोटं आहे का? पक्का निश्चय करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, जो टिकेल?

उत्तर : बेटा, खोटं नाही. हे आधी सांगून टाकते कारण तू तिथंच अडकून बसलायस. खोटं समर्पण करणारा माणूस त्याबद्दल पत्र लिहीत नाही, तो विसरून जातो.

पण चारही वेळा तू भरून आलं होतं असं लिहिलंयस ना, तिथं मी थांबले. भरून येणं चांगलंच आहे, मीही रडलेय मीटिंगमध्ये. पण तू निश्चय त्या भरून येण्याच्या पाण्यावर उभा केलास, आणि पाणी ओसरतंच, नाग नदीला जुलैत पूर येतो तो काय बारा महिने राहतो का.

बायबलमध्ये यहोशवाच्या पुस्तकाचा २४ वा अध्याय काढ. त्यातलं १५ वं वचन आपल्याकडे घरोघरी फ्रेम करून लावलेलं असतं, मी आणि माझं घराणं तर परमेश्वराची सेवा करणार. त्याच्या खालच्या चार ओळी मात्र फ्रेममध्ये येत नाहीत. शखेम गावी सगळे इस्राएल लोक एका सुरात म्हणतात आम्हीपण सेवा करू, आणि त्यांच्या ज्या पुढाऱ्यानं, यहोशवानं, कोणाची सेवा करता म्हणून आत्ताच त्यांना विचारलं होतं तोच १९ व्या वचनात त्यांना सांगतो की तुमच्यानं परमेश्वराची सेवा व्हायची नाही. कुठला वक्ता असं बोलेल सांग? एवढी गर्दी हो म्हणतेय आणि हा म्हातारा त्यांना अडवतोय. कारण घरात काय काय दडवून ठेवलंय ते त्याला माहीत होतं, २३ व्या वचनात तो ते बोलूनच दाखवतो, तुमच्यातले परके देव आधी काढून टाका म्हणून. लोक परत म्हणतात आम्ही करूच, मग अजून एकदा म्हणतात. एकाच दिवशी तीनदा म्हणायला लागलं त्यांना, आणि मग त्यानं मोठा धोंडा आणून झाडाखाली उभा केला, साक्षीला. तर तुझ्या चार वेळा हात वर करण्याचा मला काही धक्का बसला नाही. मला विचारायचंय ते वेगळं, तुझ्या कार्डाबद्दल.

त्या कार्डावर चार कामं आहेत. ज्याच्यासाठी करायची तो कुठंय त्यात?

मला निश्चय हा शब्द ज्या उताऱ्यानं कळला तो निर्गमच्या २१ व्या अध्यायात आहे, ५ वं आणि ६ वं वचन, अनुवाद नावाच्या पुस्तकात १५ व्या अध्यायातही परत येतो. इब्री दास सहा वर्षं काम करायचा आणि सातव्या वर्षी मोकळा व्हायचा, फुकट, एक पैसा न देता. दार उघडं असायचं. पण एखादा म्हणाला की माझं माझ्या धन्यावर प्रेम आहे, मी मोकळा होऊन जात नाही, तर धनी त्याला दाराच्या चौकटीपाशी न्यायचा आणि अरीनं त्याचा कान टोचायचा, मग तो कायमचा त्या घरचा. कितीतरी वर्षं मी हे नुसतं वाचून पुढं जायची. मागच्या वर्षी बर्डीवर चप्पल शिवायला थांबले होते, मोचीभाऊंच्या हातात अरी होती, लाकडी मूठ धरून धरून काळी गुळगुळीत झालेली, टोकाला बारीक खाच, त्या खाचेत दोरा अडकवून ते जाड तळव्यातून आरपार ओढत होते, दर टाक्याला कट्ट असा आवाज. म्हटलं भाऊ जरा दाखवा. ते म्हणाले, सांभाळून बाई, लागते. मी टोकाला बोट लावलं आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की त्या दासाला दुखलं असणार. रक्त आलं असणार. आपण कार्डावर सही करतो त्यात काहीच दुखत नाही.

आणि बघ, तो पहिल्या दिवशी कान पुढं करत नाही. सहा वर्षं त्या घरात राबलाय, धन्याचा राग पाहिलाय, लोभ पाहिलाय, आजारी पडला तेव्हा कोणी पाणी दिलं ते त्याला माहीत आहे, मग तो म्हणतो जात नाही. आपल्याकडे म्हणतात ना सोनारानंच कान टोचावेत, तसं इथं ज्याचा हात तो ओळखतो त्यानंच टोचायचा. तू विचारलंस की पक्का निश्चय म्हणजे नेमकं काय करायचं, तर माझं म्हणणं हेच आहे की धन्याला ओळखल्याशिवाय तो होत नाही. मी इतकं करीन, तितकं सोडीन असं तो दास म्हणतच नाही. माझं प्रेम आहे, एवढंच म्हणतो. कामं नंतर आपोआप आली, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाणी भरायचंच होतं त्याला, कान दुखत असतानासुद्धा.

आता परत परत हात वर करायची लाज. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं १७५५ साली लंडनमध्ये करार-उपासना घेतली, लोकांनी उभं राहून म्हटलं की प्रभू, आम्ही आता आमचे राहिलो नाही, तुझे झालो, आणि मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये तेव्हापासून ती पद्धतच पडली, बहुतेक ठिकाणी नव्या वर्षाच्या सुरवातीला तोच करार परत करायचा. कॅथलिक लोक दर ईस्टरला बाप्तिस्म्याची वचनं हातात मेणबत्ती घेऊन परत म्हणतात. तू स्वतः ३१ डिसेंबरला वॉचनाईटला, रात्रीच्या उपासनेला, जातोस ना, तिथं काय करतो आपण. कोणी म्हणत नाही की मागच्या वर्षीचं खोटं होतं म्हणून परत करून राहिलेत. नवरा-बायको तरी लग्नाच्या दिवशी एकदाच बोलून गप्प बसतात का.

पण एक फरक मात्र कर. परत करणं वेगळं आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू करणं वेगळं. पहिल्यात तू घरी परत येतोस, दुसऱ्यात तू दर वेळी नवीन घर शोधतोस.

२ तीमथ्य या पत्राचा ४ था अध्याय, १० वं आणि ११ वं वचन, लागोपाठ आहेत. ते लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगात आहे, मरण जवळ आलंय, थंडी येणार म्हणून अंगरखा मागवून घेतोय. १० व्यात लिहितो की देमासला ऐहिक सुख आवडलं आणि तो मला सोडून गेला. हाच देमास फिलेमोनच्या पत्रात पौलाचा सहकारी म्हणून सलाम पाठवतो, म्हणजे तोही कधीतरी तुझ्यामाझ्यासारखा पुढं आलेलाच होता. आणि पुढच्याच वचनात, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. हा मार्क कोण? जो पहिल्या प्रचार-दौऱ्यात पंफुल्या प्रांतातून अर्ध्यावर घरी पळून आला होता, ज्याच्यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा एवढे भांडले की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. दोघंही मोडले होते बेटा, एक परत आला आणि एक आला नाही, एवढाच फरक मला तरी दिसतो. आणि मार्क परत आला त्यात बर्णबाचा मोठा हात आहे, त्यानं त्याला टाकून दिलं नाही. हा तोच बर्णबा ज्यानं अंत्युखिया शहरातल्या नव्या विश्वासणाऱ्यांना एकच गोष्ट सांगितली होती, दृढ निश्चयानं प्रभूला बिलगून राहा. बिलगून, हा शब्द मला फार आवडतो. लेकरू चालत्या स्कूटरवर आईला बिलगून बसतं तसं.

आता करायचं काय ते सांगते, कारण तू नुसतं ऐकायला लिहिलं नाहीस. ते चार कामांचं कार्ड बाजूला ठेव. नाईट शिफ्टलासुद्धा जमेल अशी एकच गोष्ट घे, एकच. रोज एक तास हे नाईट करणाऱ्या माणसाला जमत नाही, आणि ज्यानं ते कार्ड छापलं तो बहुतेक नाईट करत नसेल. तू बसनं जातोस का बाईकनं ते लिहिलं नाहीस, पण गेटवर पंच करायच्या आधी दहा मिनिटं असतात, मार्कचंच शुभवर्तमान घे, १६ अध्याय आहेत, रोज अर्धा अध्याय वाच आणि वाचून झालं की प्रभूला एक वाक्य बोल. आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांची गोष्ट तुला माहीत असेल, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले आणि त्यांनी नवा करार दिला. टिळकांनी त्या दिवशी ख्रिस्ताला काही जीव वाहिला नव्हता, त्यांनी फक्त हे पुस्तक वाचीन असा शब्द दिला. आणि शब्द दिला म्हणून वाचलं, आवडलं म्हणून नाही, वाचता वाचता येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना उठवेना. १० फेब्रुवारी १८९५ ला बाप्तिस्मा झाला. त्यापायी घर दुभंगलं, काही वर्षं बायको आणि ते वेगळे राहिले, पण माणूस हलला नाही. एवढं मोठं झाड त्या छोट्याशा पाळलेल्या शब्दातून उगवलं.

दुसरं, बाजूला बसलेला जो मित्र तुझ्याकडे बघत होता, त्यालाच सांग. तुला लाज वाटली म्हणजे त्याच्या मताची तुला किंमत आहे. त्याला म्हण की दर शनिवारी मला विचार, वाचलं का. बस एवढंच. गुटख्याचं वेगळं बघावं लागेल, ते व्यसन आहे, त्याला डॉक्टरपण लागतो आणि प्रार्थनापण, त्यात लाजायचं काही नाही, सरकारी हॉस्पिटलात तंबाखू सोडवायचा सल्ला मिळतो.

आणि गळलं तर? तीन दिवस गळलं तर चौथ्या दिवशी तिथूनच पुढं वाच. मी १९ वर्षांची असताना एका कन्व्हेन्शनमध्ये उभी राहिले होते, खेड्यात जाऊन शिकवीन म्हणून, मग लग्न झालं, बाळंतपणं झाली, जवळजवळ चार वर्षं मी रविवारी चर्चला तेवढी जायची, पण देवाशी एक शब्द बोलले नाही, आणि कुणाला कळलंही नाही कारण मी गाणी छान म्हणायची. परत सुरवात झाली ती आमच्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्या आजीमुळं. ती दर शनिवारी संध्याकाळी बाकं पुसायची. मे महिन्यात सहा वाजतासुद्धा त्या लाकडाला हात लावला तर गरम लागायचं, ती फडकं पिळून पिळून एकेक बाक पुसायची आणि पुसताना त्या बाकावर कोण बसतं त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची. मी एकदा पर्स विसरली म्हणून परत गेले तर ती माझ्या बाकापाशी होती. माझं नाव घेत होती. मी दारातच उभी राहिले, आत जायची हिंमत झाली नाही. तिनं कधी कुठल्या मीटिंगमध्ये हात वर केला होता की नाही मला माहीत नाही.

प्रश्न : प्रेज द लॉर्ड ताई. मी २४ वर्षांची आहे, जरीपटक्याला राहते, जीएनएम करून एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. मला पूर्णवेळ सेवेत जायचं आहे, बायबल कॉलेजचा फॉर्म पण आणला. पण बाबांचं काम सुटलंय, भाऊ बारावीला आहे, घर माझ्या पगारावर चालते. एका मीटिंगमध्ये वक्ते म्हणाले नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला उपयोगी नाही, तेव्हापासून झोप नाही. नोकरी सोडून देऊ का? की घराकडे बघितलं तर मी मागे पाहिलं असं होईल?

उत्तर : बाळ, लूक ९ चं ते वचन कठीण आहे आणि मी ते पाणी घालून पातळ करणार नाही. येशूनं ते म्हटलंय आणि त्याला तेच म्हणायचं होतं. पण ज्या येशूनं हे म्हटलं त्यानंच मार्कच्या ७ व्या अध्यायात परुश्यांना, म्हणजे कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, झापलंय, कशाबद्दल माहीत आहे? आईबापांना जे द्यायचं ते कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलं, असं म्हणून हात वर करायचे, आणि आईबाप तसेच. देवाचं नाव पुढं करून घरची जबाबदारी टाळणं त्याला चालत नाही. मागे पाहणं म्हणजे जे सोडलंय त्याचा मोह धरणं. बाबांच्या ताटाकडे पाहणं म्हणजे मागे पाहणं नव्हे.

लूक १४ पण वाच, बुरूज बांधणारा आधी बसून हिशेब करतो. बसून, असं लिहिलंय. म्हणून तूपण बस, वही घे. भावाचं पुढचं शिक्षण किती वर्षं, बाबांना काही हलकं काम मिळतं का, घरावर कर्ज किती. कॉलेजची फी किती, शिकून बाहेर पडल्यावर मानधन कोण देणार, किती देणार, आजारी पडलं तर कोण बघणार, हे त्या कॉलेजला आणि ज्या संस्थेत जाणार तिला स्पष्ट विचार, विचारण्यात अविश्वास नाही. जो माणूस म्हणेल की हे प्रश्न विचारू नको, विश्वास ठेव, त्याच्यापासून लांब राहा. हे मी कडक शब्दांत लिहितेय कारण पोरींचे पगार आणि दागिने याच वाक्यावर गेलेले मी पाहिलेत.

आणि घाई कोणाला आहे? देवाला तर दिसत नाही. कॅथलिक मठातल्या सिस्टर लोकांचं बघ, आधी निदान १२ महिने नोव्हिशिएट म्हणजे उमेदवारी, मग तात्पुरती व्रतं, ती निदान तीन वर्षं आणि साधारण सहा वर्षांपर्यंत, त्यानंतर कायमची व्रतं. वर लिहिलेल्या त्या दासाची सहा वर्षं आठवली मला हे कळलं तेव्हा. आपण सेमिनरी हिल्सवरून स्कूटरनं जातो येतो, ते नाव ज्या सेमिनरीवरून पडलं तिथंही मुलं पुरोहित व्हायला वर्षानुवर्षं शिकतात, एका रात्रीत कोणी होत नाही. एवढी जुनी मंडळी जर कायमचा शब्द घ्यायच्या आधी थांबून बघते तर तू भाऊ मार्गी लागेपर्यंत दोन-तीन वर्षं थांबलीस म्हणून तुझं बोलावणं रद्द होत नाही. खरं असेल तर ते थांबल्यानं पिकतं.

मधल्या काळात तू सेवेच्या बाहेर आहेस असं कोण म्हणतं? रात्री दोन वाजता सलाईन बदलताना पेशंटच्या बाईनं विचारलं सिस्टर माझा माणूस वाचेल का, तेव्हा तू तिच्याजवळ दोन मिनिटं टेकलीस तर ते काय आहे? कलस्सै ३:२३ जे काही करता ते जिवेभावे करा, माणसांसाठी नाही, प्रभूसाठी. पौलानं हे लिहिलं तेव्हा समोर गुलाम होते, पाळक नव्हते. पण फॉर्म फेकू नकोस. जपून ठेव, तुझ्या पाळकांना आणि एखाद्या अनुभवी बाईला दाखव, आईला पण सांग, लपवू नको. आणि भावाला सांग की तो पास झाला की तू जाणार आहेस, म्हणजे तोही जरा नीट अभ्यास करेल.

प्रश्न : ताई, माझा मुलगा सात वर्षांचा असताना मेयो हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी वऱ्हांड्यात गुडघे टेकून बोलले की प्रभू, हा वाचला तर तुझ्या सेवेला देईन. तो वाचला. आता २३ वर्षांचा आहे, इंजिनियर झाला, सेवेचं नाव काढलं की चिडतो, चर्चलापण येत नाही. दोन महिन्यांपूर्वी त्याची नोकरी गेली. माझा नवस मी फेडला नाही म्हणून देव त्याला शिक्षा करतो आहे का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी शेवटचं सांगते. नोकरी गेली कारण कंपन्या माणसं कमी करतात. देव आईचे पैसे लेकराकडून वसूल करणारा सावकार नाही. त्या वऱ्हांड्यात त्यानं तुमचं ऐकलं ते तुमची पावती ठेवायला नव्हे, तुम्ही रडत होता म्हणून.

पण नवस ही हलकी गोष्ट नाही हेही खरं, उपदेशक ५ मध्ये म्हटलंय नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. म्हणून मला तो उडवून लावायचा नाही. फक्त त्यात तुमचं काय होतं आणि त्याचं काय होतं ते वेगळं करू. तुमच्या मनात बायबलमधली हन्ना असणार, तिनंपण मुलगा मागितला आणि शमुवेलाला मंदिरात नेऊन सोडलं. पण पुढं १ शमुवेल ३ मध्ये एक वचन आहे, सातवं, की शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. मंदिरात राहत होता, दिवा लावत असेल, दारं उघडत होता, आणि तरी ओळख नव्हती! आईनं त्याला दारापर्यंत नेलं, पण रात्री हाक आली तेव्हा बोल, तुझा दास ऐकतो आहे, हे त्याला त्याच्या तोंडानं म्हणावं लागलं. हन्ना ते म्हणू शकत नव्हती. आणि त्याच मंदिरात एली याजकाची पोरं होती, याजकाच्या घरात जन्मलेली, ती कशी बिघडली तुम्हाला माहीत आहे.

पंडिता रमाबाईंचंच घ्या. १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा झाला, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळायला पुढं कितीतरी वर्षं लागली. तो मिळाल्यावर मग केडगाव, मुक्ती मिशन, शेकडो विधवा आणि पोरी, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल, त्याची प्रुफं १९२२ मध्ये मरेपर्यंत तपासत होत्या. एवढी विद्वान बाई, तिलाही कोणी दुसऱ्यानं समर्पण करून दिलं नाही.

तर तुमचा शब्द तुम्ही फेडा. तुम्ही म्हणालात तुझ्या सेवेला देईन, मग द्या, तुमच्याकडे जे तुमचं आहे ते. मेयोच्या लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर आजही कोणी आई बसलेली असेल तुम्ही बसला होता तशी, गावाहून आलेली, मेडिकल स्टोअर कुठंय माहीत नसलेली. आठवड्यातला एक दिवस धरा, डबा घेऊन जा. प्रचार करायला नको, नुसतं बसा तिच्याजवळ, चिठ्ठी वाचून द्या. आणि मुलाला एकदा बसवून सांगा की मी घाबरून तुझा शब्द दिला होता, तो माझा द्यायचा नव्हता, तू त्यातून मोकळा आहेस. मला माहीत आहे हे तुम्हाला किती जड जाईल. पण पंधरा-सोळा वर्षं त्या पोरानं ऐकलंय की तो कुणाचं तरी देणं आहे, चर्चच्या दारात पाय टाकला की वसुली होईल असं त्याला वाटत असेल, म्हणून येत नसेल. दार उघडं सोडा. दासाचंही उघडंच होतं.

प्रश्न : सलाम. रेल्वेतून रिटायर झालो, वय ६२, गुडघे गेले, साखर आहे. तरुणपणी सेवा करायची फार इच्छा होती, ड्युटीत राहून गेली. आता निश्चय करून काय उपयोग, उरलं किती आणि त्यात दिसणार काय?

उत्तर : दादा, बायबलमधला कालेब ८५ वर्षांचा होता, यहोशवाच्या १४ व्या अध्यायात आहे. देशाच्या वाटण्या चालल्या होत्या, त्याला सपाट जमीन मागता आली असती. तो म्हणाला हा डोंगर मला दे. ४५ वर्षं थांबला होता तो त्या एका डोंगरासाठी.

आणि दिसणार काय म्हणाल तर आपल्या नागपुरातच बघा. मिशनरी हिस्लॉप साहेब १८४५ ला इथं आले, शाळा काढल्या, गोंडांची गाणी लिहून घेतली, दगड-जीवाश्म गोळा केले, आणि ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात बुडून गेले, पन्नाशीपण झाली नव्हती. त्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज निघालं १८८३ ला, २० वर्षांनी. त्यांनी ते पाहिलंच नाही, आणि आज शहरातलं प्रत्येक पोरगं त्यांचं नाव घेतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया इथंच झालं, २९ नोव्हेंबर १९७० ला, सहा मंडळ्या एक झाल्या, तुम्ही तेव्हा सहा-सात वर्षांचे असाल, घरचे बोलले असतील. त्याची बोलणी १९२९ पासून चालू होती. ज्यांनी पहिल्या बैठकीत प्रार्थना केली त्यातले किती जण त्या दिवशी असतील.

गुडघे गेले म्हणता, ठीक आहे, मग गुडघ्यांचं काम नको. तुम्ही रेल्वेत होता, तुम्हाला अर्ज लिहिता येतात, फॉर्म भरता येतात, कुठल्या खिडकीवर काय लागतं ते कळतं. तुमच्या मंडळीत किती विधवा बायांची पेन्शन आणि रेशन कार्डाची कामं अडकलीत एकदा पाळकांना विचारा. रविवारी उपासना झाल्यावर व्हरांड्यात एक टेबल टाका, पंखा असेल त्या बाजूला, पेन दोन ठेवा, कारण एक नेहमी कोणीतरी घेऊन जातं.